मुलांच्या मनाचे खातेही वेळोवेळी पाहावे

मे महिन्यात दहावी-बारावीचे निकाल लागतात. त्यापाठोपाठ जेईई, नीट व सीईटीचे निकाल येतात आणि जुलै उजाडला की सीए परीक्षांच्या निकालाची चर्चा सुरू होते. या दोन-तीन महिन्यांत आपल्या समाजाच्या व्हॉट्सॲप समूहांवर अभिनंदनाचा वर्षाव चालू असतो. गुणवंत विद्यार्थ्यांचे सत्कार होतात, मासिकांत छायाचित्रे छापून येतात. हे सारे आनंदाचेच आहे आणि ते होत राहावे. परंतु ज्या घरातील मुलाचे छायाचित्र त्या पानावर नसते, किंवा छायाचित्र असूनही ज्या मुलाला रात्री झोप लागत नाही, त्या मुलाकडे पाहण्याची आपली रीत कोणती, हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा राहिलेला नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविले. म्हणजे दररोज सरासरी पस्तीसहून अधिक. त्यांत सर्वाधिक संख्या आपल्या महाराष्ट्राची होती. हे आकडे केवळ कोटा शहराचे किंवा केवळ नापास झालेल्यांचे नाहीत. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत तर कौटुंबिक प्रश्न हे कारण परीक्षेतील अपयशाच्या वर नोंदले गेले आहे. याचा अर्थ असा की हा विषय शाळा-महाविद्यालयांवर सोपवून आपल्याला निश्चिंत राहता येणार नाही. तो आपल्या दिवाणखान्याचा आणि जेवणाच्या ताटाचाही विषय आहे.

एवढे टोक गाठणारी मुले थोडी असतात, ही गोष्ट खरी. परंतु त्यांच्या मागे आतल्या आत खचणाऱ्या, कोणाजवळ न बोलणाऱ्या मुलांची रांग फार मोठी असते. एनसीईआरटीने २०२२ च्या आरंभी सहावी ते बारावीच्या ३ लाख ७९ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी केली. त्यांतील ८१ टक्के विद्यार्थ्यांनी अभ्यास, परीक्षा व निकाल ही आपल्या चिंतेची कारणे असल्याचे सांगितले. चिंता वाटणे हा आजार नव्हे. परीक्षेपूर्वी थोडी धाकधूक वाटावी, हे स्वाभाविकच आहे. स्वाभाविक चिंता कोठे संपते आणि आधाराची गरज कोठे सुरू होते, हे ओळखणे महत्त्वाचे. ते ओळखण्यासाठी घरात कोणी डॉक्टर असण्याची आवश्यकता नाही. लक्ष मात्र हवे.

थकबाकीपूर्वीच्या खुणा

माझी बरीचशी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात गेली. आपल्या वाचकांपैकी बहुतेकांचा बँकेशी रोजचा संबंध असल्यामुळे तेथील एक पद्धत येथे सांगतो. कर्जाचा हप्ता थकून ९० दिवस उलटले की खाते अनुत्पादित, म्हणजे एनपीए ठरते, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु तोपर्यंत बँकेने हातावर हात ठेवून बसणे अपेक्षित नाही. थकबाकी ३० दिवसांपर्यंतची असेल तर एक वर्ग, ३१ ते ६० दिवसांचा दुसरा आणि ६१ ते ९० दिवसांचा तिसरा, अशी खात्यांची विभागणी करून त्यांवर विशेष लक्ष ठेवले जाते. बुडीत खात्यावर उपाय करण्यापेक्षा आजारी पडू लागलेल्या खात्याला वेळेत सावरणे सोपे असते, एवढाच त्यामागील विचार आहे.

अनुभवी अधिकाऱ्याला तर हप्ता थकण्यापूर्वीच अंदाज येतो. खात्यातील उलाढाल हळूहळू घटते, मालसाठ्याचे विवरणपत्र उशिरा येऊ लागते, एखादा धनादेश परत जातो. पूर्वी स्वतःहून शाखेत येऊन बसणारा खातेदार फोन उचलेनासा होतो. आपण व्यापारीही उधारीच्या गिऱ्हाइकाकडे असेच पाहतो. रोज दुकानावरून जाणारा माणूस अचानक पलीकडच्या गल्लीने जाऊ लागला, तर वहीत पाहण्यापूर्वीच आपल्याला काय ते कळते.

यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की तुलना त्याच खात्याच्या पूर्वीच्या वर्तनाशी करायची असते, शेजारच्या खात्याशी नव्हे. दुसरी अशी की एखाद्या दिवसाच्या नोंदीवरून निष्कर्ष काढायचा नसतो. काही काळ टिकून राहिलेला बदल पाहायचा असतो. मुलांच्या बाबतीत हीच दोन सूत्रे उपयोगी पडतात. अर्थात येथे हे साम्य संपते. खाते बंद करता येते, थकबाकी निर्लेखित करता येते. मुलाच्या बाबतीत असा कोणताही स्तंभ आपल्याजवळ नाही. शिवाय बँकेत अधिकारी वसुलीसाठी लक्ष ठेवतो. घरातील लक्ष वसुलीचे आहे, असे मुलाला वाटले तर ते अधिकच मिटून जाईल.

कोणते बदल पाहावेत?

मूळचाच अबोल असलेला मुलगा अबोल राहिला, तर त्यात काळजीचे कारण नाही. परंतु सतत बडबड करणारी मुलगी तीन आठवडे खोलीचे दार लावून बसू लागली, तर तो बदल आहे. तज्ज्ञ नैराश्याचा विचार करताना साधारणपणे दोन आठवड्यांचा काळ धरतात. उदासी, चिडचिड किंवा कशातच रस न वाटणे ही स्थिती दोन आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ टिकून असेल आणि तिचा अभ्यासावर, झोपेवर वा भेटीगाठींवर परिणाम होत असेल, तर ती आपोआप निघून जाईल असे समजून थांबू नये.

पाहण्यासारखे बदल पुढीलप्रमाणे सांगता येतील.

झोप : रात्री दोन-तीन वाजेपर्यंत जागरण, पहाटेच जाग येऊन पुन्हा डोळा न लागणे, किंवा याउलट दिवसभर झोपून राहणे.

आहार : आवडीचे पदार्थही नकोसे होणे, वजन चटकन उतरणे, अथवा भूक नसताना सतत खात राहणे.

शरीराच्या तक्रारी : वारंवार डोके किंवा पोट दुखणे, छातीत धडधडणे, थकवा. डॉक्टरांच्या तपासणीत काही सापडत नाही आणि तक्रार मात्र शाळेच्या वा क्लासच्या वेळीच उद्भवते. मूल नाटक करीत आहे, असे अशा वेळी समजू नये. मनाचा ताण शरीरावाटे खरोखरच व्यक्त होत असतो आणि ते दुखणेही खरे असते.

स्वभाव : क्षुल्लक कारणावरून संताप, दार आपटणे, डोळ्यांत पाणी येणे. किशोरवयात, विशेषतः मुलांमध्ये, नैराश्य हे उदासीपेक्षा चिडचिडीच्या रूपाने अधिक दिसते. म्हणूनच ‘हल्ली फार उद्धट झाला आहे’ असे म्हणून आपण मोकळे होतो.

संग आणि छंद : मित्रांचे फोन न घेणे, क्रिकेट, गाणे, चित्रकला अशा आवडीच्या गोष्टी अचानक सुटणे, लग्नकार्यात वा सणासमारंभात येण्याचे टाळणे.

अभ्यास : एकाच पानासमोर तासभर बसणे, लक्ष न लागणे, चाचणी चुकविणे, गुण लपविणे. मात्र एक सावधगिरी बाळगावी. गुण उत्तम आहेत म्हणजे मन ठीक आहे, असे समजणे चुकीचे ठरते. काही हुशार मुले शेवटच्या क्षणापर्यंत पहिला क्रमांक राखतात आणि त्यासाठी आतून पूर्ण रिकामी होतात. ९४ टक्के मिळाल्यावर जे मूल हुंदके देऊन रडते आणि सहा टक्के गेल्याचाच हिशेब मांडत बसते, त्याच्याकडेही लक्ष द्यावयास हवे.

काही खुणा मात्र अशा आहेत, ज्यांसाठी दोन आठवडे थांबायचे नाही. ‘मी नसतो तर तुम्हांला बरे झाले असते’, ‘मी तुमच्यावर ओझे आहे’, ‘आता सगळे संपवावेसे वाटते’ अशी वाक्ये थट्टेत उच्चारली तरी ती गंभीरपणे घ्यावीत. स्वतःच्या आवडत्या वस्तू वाटून टाकणे, निरोप घेतल्यासारखे संदेश पाठविणे, अंगावर स्वतः केलेल्या जखमा आढळणे, बराच काळ अस्वस्थ असलेले मूल कोणत्याही कारणावाचून एकाएकी शांत होणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी मदत घ्यावी. त्या रात्री मुलाला एकटे ठेवू नये.

घरापासून दूर असलेली मुले

आपल्या समाजातील हजारो मुले-मुली आज पुणे, मुंबई, कोटा, बंगळुरू येथे वसतिगृहांत किंवा पेइंग गेस्ट म्हणून राहतात. लातूर, नगर, जळगाव अथवा सांगलीच्या बाजारपेठेतील भरल्या घरात वाढलेल्या मुलाला वयाच्या सोळाव्या वर्षी आठ फुटांच्या खोलीत राहावे लागते. घरी त्याला एकटे बसण्यासाठी जागा शोधावी लागत असे. तेथे बोलायला माणूस शोधावा लागतो.

त्यात आपल्या मुलांची एक वेगळी अडचण आहे आणि ती बाहेरच्या समुपदेशकाच्या सहसा लक्षात येत नाही. सूर्यास्तापूर्वी जेवण करण्याचा नियम पाळणाऱ्या मुलासाठी मेसमधील रात्री साडेआठचे जेवण निरुपयोगी असते. कांदा-बटाटा न खाणाऱ्या मुलीच्या ताटात अनेकदा केवळ वरण-भात उरतो. क्लास सुटतो सायंकाळी सात वाजता. मग महिनोन्महिने कोरड्या खाकऱ्यावर व चिवड्यावर भागविले जाते. सारे मित्र एकत्र जेवत असताना हे मूल खोलीत असते. जेवणाची ती वेळच मैत्री जुळण्याची वेळ असते, हे आपल्या ध्यानात येत नाही. उपासमार आणि एकटेपणा अशा रीतीने हातात हात घालून येतात. मूल नियम सोडल्याचे घरी सांगू शकत नाही आणि नियम पाळणे कठीण जात असल्याचेही सांगू शकत नाही. या बाबतीत आईवडिलांनी आपण होऊन विचारावे आणि मुलाला अपराधी न वाटता उत्तर देता येईल, अशा स्वरात विचारावे. डब्याची सोय, समाजाच्या वसतिगृहातील प्रवेश, क्लासच्या वेळेत बदल असे मार्ग निघू शकतात. परंतु त्यासाठी अडचण आधी उच्चारली गेली पाहिजे.

दूर असलेल्या मुलाची खबर फोनवरूनच मिळते. ‘जेवलास का? अभ्यास झाला का? टेस्टमध्ये किती मिळाले?’ या तीन प्रश्नांत बहुतेक फोन संपतात आणि तिन्हींची उत्तरे एकेका शब्दात देता येतात. त्याऐवजी त्याच्या खोलीतील सोबत्याचे नाव काय, तो कसा आहे, आज हसू येण्यासारखे काही घडले का, असे विचारावे. आठवड्यातून एकदा चेहरा दिसेल असा फोन करावा. बोलताना मुलाची खोली, त्याचे डोळे, त्याच्या आवाजाची गती यांकडे लक्ष असू द्यावे. नेहमी लांब बोलणारे मूल सतत ‘ठीक आहे, ठेवतो’ म्हणू लागले, तर पुढच्या रविवारी गाडीत बसून त्याला भेटून यावे. दुकान एक दिवस भाऊ सांभाळेल.

व्यापारी घरांतील काही विशेष ताण

आपल्या घरांत मुलाला धीर देण्यासाठी एक वाक्य हमखास वापरले जाते : ‘काळजी करू नकोस, नाही जमले तर दुकान आहेच.’ वडील हे मनापासून म्हणतात आणि त्यांच्या दृष्टीने तो फार मोठा आधार असतो. परंतु ऐकणाऱ्या मुलाच्या कानी ते वेगळेच पडू शकते. ज्याला दुकानात रस आहे, त्याला ‘अपयशी मुलांची जागा म्हणजे दुकान’ असे ऐकू येते. ज्याला वेगळे काही करावयाचे आहे, त्याला दार बंद होत असल्याचा भास होतो. पेढी ही पिढ्यांनी कष्टाने उभी केलेली असते. तिला शिक्षेचे रूप येऊ देऊ नये. ‘परीक्षेचे जे होईल ते होवो, पुढचा विचार आपण दोघे मिळून करू’ असे म्हणणे अधिक हितकारक आहे.

दुसरा ताण तुलनेचा. एकत्र कुटुंबात काकांचा मुलगा सीए झालेला असतो, आत्याची मुलगी एमबीबीएसला असते. येथे आपल्या हिशेबी स्वभावाचा उपयोग करून घ्यावा. २०२४ मध्ये नीट परीक्षेला २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले आणि देशातील एमबीबीएसच्या जागा होत्या सुमारे १ लाख १० हजार. म्हणजे वीस-एकवीस मुलांमागे एक जागा. मे २०२४ च्या सीए फायनल परीक्षेत दोन्ही ग्रुप एकत्र देणाऱ्या शंभर जणांतील वीसही उत्तीर्ण झाले नाहीत. जेथे यश न मिळणाऱ्यांचीच संख्या मोठी आहे, तेथे यश न मिळणे हे मुलाच्या नालायकपणाचे प्रमाणपत्र होऊ शकत नाही. हा हिशेब प्रवेश घेतानाच मुलासमोर मांडला, तर निकालाच्या दिवशीचा धक्का पुष्कळ सौम्य होतो.

तिसरा ताण पैशाचा आहे आणि त्याविषयी मी अधिकाराने बोलू शकतो. शिक्षणकर्जाचे कागद करताना बोलणे अधिकारी आणि वडील यांच्यात चालते. मुलगा मुकाट्याने दाखविलेल्या जागी सही करतो. कर्जाची रक्कम, तारण ठेवलेले घर, व्याजाचा दर हे सारे तो ऐकत असतो. ‘तुझ्यासाठी घर गहाण ठेवले आहे’ हे वाक्य पुढे चार वर्षे त्याच्या उशाशी राहते. एखादा विद्यार्थी अभ्यासक्रम मध्येच सोडल्यास कर्जाचे काय होते, असे खोदून विचारू लागला, तर तो प्रश्न केवळ नियमांविषयीचा नसतो, हे ओळखावे. पालकांनी मुलाला नीट समजावून सांगावे की कर्ज दोघांच्या नावावर आहे, परतफेडीचा विचार आपण केलेला आहे आणि सामान्यतः अभ्यासक्रमाचा काळ व त्यापुढील एक वर्ष हप्ता सुरू होत नाही. अडचण आल्यास बँकेशी बोलता येते. कर्ज फेडण्याचे अनेक मार्ग असतात.

पैशाचीच आणखी एक बाजू अलीकडे पुढे आली आहे. शेअरबाजाराची बोलणी आपल्या मुलांच्या कानांवर लहानपणापासून पडतात. मोबाइलवर खाते उघडून फ्युचर्स-ऑप्शन्सचे सौदे करणारे विद्यार्थी आज थोडे नाहीत. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार तीन वर्षांच्या काळात या सौद्यांतील ९३ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झाला, आणि २०२३-२४ मध्ये असे सौदे करणाऱ्यांपैकी ४३ टक्के जण तिशीच्या आतील होते. तोटा भरून काढण्यासाठी मित्रांकडून उसने, मग मोबाइल ॲपवरून झटपट कर्ज, मग वसुलीचे धमकावणारे फोन, अशी ही उतरण असते. खर्चासाठी वारंवार लहान रकमा मागणे, गळ्यातील साखळी दिसेनाशी होणे, अनोळखी क्रमांकाचा फोन आला की दूर जाऊन बोलणे, या खुणा आढळल्या तर आधी रागावू नये. रकमेचा आकडा प्रथम ऐकून घ्यावा. पैशाचा तोटा भरून निघतो, हे व्यापाऱ्याच्या घरात जन्मलेल्या मुलाने वडिलांच्या तोंडून ऐकणे फार आवश्यक असते.

बोलावे कसे?

खुणा ओळखल्यानंतर खरी परीक्षा मोठ्यांची असते. सर्वांसमोर, जेवणाच्या पंगतीत किंवा पाहुण्यांदेखत विचारू नये. गाडीतून जाताना, फिरताना, दुकान बंद करून घरी येताना, म्हणजे समोरासमोर डोळ्यांत पाहावे लागत नाही अशा वेळी मुले अधिक मोकळेपणाने बोलतात. आरंभ आपण जे पाहिले त्यापासून करावा : ‘बेटा, गेले काही दिवस तू नीट जेवत नाहीस, रात्रीही तुझ्या खोलीत दिवा दिसतो. मला काळजी वाटते. काय होते आहे, ते ऐकायला मला वेळ आहे.’ आणि मग खरोखरच गप्प राहावे. मूल पहिल्या वेळी ‘काही नाही’ म्हणेल. दोन दिवसांनी पुन्हा विचारावे.

‘आमच्या वेळी तर यातले काहीच नव्हते’, ‘तुला कमी काय आहे?’, ‘मन खंबीर कर’ ही वाक्ये टाळावीत. पाय मुरगळलेल्या मुलाला आपण जिना चढून दाखव म्हणत नाही. मनाच्या बाबतीतही तोच न्याय लावावा. उपाय सुचविण्याची घाई नको. मुलाला आईवडिलांशी बोलणे जड जात असेल, तर मामा, मावशी, मोठी चुलत बहीण, आवडते शिक्षक यांपैकी ज्याच्याशी त्याचे जुळते, त्याला बोलू द्यावे. त्यात आपला कमीपणा मानू नये.

मूल जीवनाला कंटाळल्यासारखे बोलत असेल, तर ‘तुझ्या मनात जीव देण्याचा विचार येतो का?’ असे शांतपणे, स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरतो, ही भीती निराधार असल्याचे मानसोपचारतज्ज्ञ आवर्जून सांगतात. उलट आपले मन कोणीतरी ओळखले, या जाणिवेने मुलाला बोलता येते. उत्तर ‘हो’ असेल तर ओरडू नये, शपथा घालू नयेत. त्याच्याजवळ बसावे आणि तत्काळ तज्ज्ञांची मदत घ्यावी. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन मात्र या बाबतीत देऊ नये.

मदत कोठे मिळते?

अभ्यासाचा ताण, मैत्रीतील दुरावा, आत्मविश्वासाचा अभाव अशा अडचणींत शाळा-महाविद्यालयातील किंवा बाहेरचा प्रशिक्षित समुपदेशक उपयोगी पडतो. झोप-भूक बिघडली असेल, रोजचे व्यवहार थांबले असतील किंवा जिवाला धोका वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांकडे जावे. कोणाकडे जावे हे कळत नसेल, तर आपल्या फॅमिली डॉक्टरांपासून सुरुवात करावी. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य व मराठीतूनही बोलता येते. मुलाला बोलता येते आणि पालकांनाही. अठरा वर्षांखालील मुलांसाठी १०९८ आणि तातडीच्या संकटात ११२ हे क्रमांक घरातील सर्वांच्या फोनमध्ये नोंदलेले असावेत.

औषधे दिली गेली, तर त्यांचा गुण येण्यास अनेकदा दोन ते चार आठवडे किंवा अधिक काळ लागतो. थोडे बरे वाटताच ती आपल्या मनाने बंद करू नयेत. चातुर्मासात व पर्युषणात उपवास करण्याची मुलांची इच्छा असते. औषध चालू असताना उपवास, विशेषतः पाणी कमी पिणे, काही औषधांच्या बाबतीत अपायकारक ठरू शकते. म्हणून डॉक्टरांना आधी विचारावे. तसेच उदास झालेले मूल अन्न टाळण्यासाठी उपवासाचा आधार तर घेत नाही ना, याकडे आईने लक्ष ठेवावे. स्वखुशीने केलेल्या तपात मूल प्रसन्न दिसते आणि पारण्याची वाट पाहते. खचलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर ते दिसत नाही.

‘बाहेर कळले तर लग्नाच्या वेळी अडचण येईल’, ही भीती अनेक घरांत उपचाराच्या आड येते, मुलींच्या बाबतीत तर अधिकच. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार उपचाराची माहिती गोपनीय राखली जाण्याचा रुग्णाला अधिकार आहे. त्याच कायद्याने मानसिक आजाराच्या उपचारांसाठी शारीरिक आजाराच्या धर्तीवरच विमा संरक्षण देण्याचे बंधन विमा कंपन्यांवर घातले आहे. आपल्या आरोग्य विम्याच्या पॉलिसीत त्याविषयी काय अटी आहेत, त्या नूतनीकरणाच्या वेळी वाचून घ्याव्यात. उपचार लवकर झाला तर बहुसंख्य मुले पूर्ववत शिकू लागतात. लपविण्यात गेलेली वर्षे मात्र भरून येत नाहीत.

समाजाने काय करावे?

आपल्या पूर्वजांनी गेल्या शतकाच्या आरंभी गावोगावच्या मुलांसाठी बोर्डिंगे उभारली. त्या काळी मुलांची गरज छपराची व भोजनाची होती. आज त्या जोडीला समुपदेशकाची गरज आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक नेमावयाचा आहे. गुणांवरून विद्यार्थ्यांच्या वेगळ्या तुकड्या पाडणे व त्यांना चारचौघांत लज्जित करणे टाळावयाचे आहे. आपल्या ट्रस्टच्या शाळा, महाविद्यालये व वसतिगृहे यांचे विश्वस्त बहुधा आपल्यापैकीच असतात. पुढील बैठकीत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घेता येईल. समुपदेशकाचा आठवड्यातून दोन दिवसांचा खर्च एखाद्या सत्कार समारंभाच्या मंडपाहून अधिक येणार नाही. वसतिगृहाच्या गृहपतींना आणि भोजनशाळेतील ताईंनाही या खुणांची माहिती द्यावी. कोणते ताट तसेच परत जाते, हे सर्वांत आधी त्यांनाच दिसते.

सत्काराच्या पद्धतीतही थोडा बदल करता येईल. टक्केवारीच्या क्रमाने नावे पुकारण्याऐवजी आद्याक्षरांनुसार पुकारावीत. पुरवणी परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या, तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात सीए झालेल्या, आजारपणानंतर पुन्हा शिक्षणाकडे वळलेल्या विद्यार्थ्यांनाही, त्यांची संमती असल्यास, त्याच व्यासपीठावर बोलवावे. सभागृहात मागच्या रांगेत बसलेल्या एखाद्या मुलाला त्या दिवशी जो धीर मिळेल, तो कोणत्याही व्याख्यानाने मिळणार नाही.

वाचकहो, आपण महिन्याअखेरीस येणी-देणी तपासतो, वर्षाअखेरीस ताळेबंद मांडतो, विम्याची तारीख चुकू देत नाही. तेवढीच नियमितता येथेही असू द्यावी. प्रत्येक महिन्याच्या एका ठरलेल्या दिवशी आई आणि वडील दोघांनी दहा मिनिटे बसून आपल्या प्रत्येक मुलाविषयी बोलावे : झोप कशी आहे, जेवण कसे आहे, मित्र कोण आहेत, शेवटचे मनापासून हसलेले कधी पाहिले. ज्या प्रश्नाचे उत्तर दोघांपैकी कोणालाही देता येणार नाही, तो प्रश्न घेऊन त्याच सायंकाळी मुलाजवळ जाऊन बसावे.